धीर कुठून येतो? मुंबईतले पहिले अमेरिकन मिशनरी, १८१२–१८२६

१८१३ सालच्या डिसेंबरात मुंबईतले दोन अमेरिकन तरुण हद्दपारीची वाट पाहत होते. गॉर्डन हॉल २९ वर्षांचे होते, सॅम्युएल नॉट २५ वर्षांचे. दोघांना इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर चढवावे असा कंपनी सरकारचा हुकूम होता. त्यांच्या देशाचे इंग्लंडशी युद्ध जुंपलेले होते, मुंबईत काढलेल्या दहा महिन्यांत दाखवण्याजोगे काही हातून झालेले नव्हते, आणि नुकत्याच फसलेल्या एका पलायनामुळे गव्हर्नरही नाराज होते. तरीही ती हद्दपारी टळली, आणि त्या दोघांच्या मुक्कामातून पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ नावाची संस्था उभी राहिली. मिशनच्या जुन्या चरित्रकारांनी या गोष्टीचे श्रेय एका शब्दाला दिले आहे: धैर्य. मराठीत मात्र धैर्याच्या शेजारी आणखी एक शब्द राहतो, धीर. धैर्य माणसाच्या अंगी असते असे आपण म्हणतो. धीर दिला जातो, धरला जातो, सुटतो आणि खचतो. तो देणारा कोणी तरी दुसरा असावा लागतो. १८१२ ते १८२६ या चौदा वर्षांचा हिशेब मांडला तर त्यात धैर्यापेक्षा धीराचीच नोंद अधिक सापडते, आणि ख्रिस्ती परंपरा ज्याला उत्तेजन किंवा सांत्वन म्हणते त्याचा खरा अर्थही तिथेच उलगडतो, असे या लेखाचे म्हणणे आहे.

या कथेची सुरुवात एकट्या माणसाच्या साक्षात्काराने होत नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. १८०६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात एका गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि परदेशी धर्मप्रसाराबद्दल बोलले. त्या बैठकीतून विद्यार्थ्यांची एक लहानशी मंडळी तयार झाली. परदेशी जाण्याचा संकल्प एकमेकांच्या साक्षीने करायचा, तो एकमेकांना पाळायला लावायचा, ही तिची रीत होती. हॉल हे त्याच कॉलेजचे. १८१० मध्ये अशाच तरुणांच्या आग्रहावरून ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था निघाली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये अडोनिराम जडसन, सॅम्युएल नेवेल, सॅम्युएल नॉट, ल्यूथर राइस आणि गॉर्डन हॉल या पाच जणांना एकत्र दीक्षा दिली गेली, आणि त्याच महिन्यात दोन वेगवेगळ्या जहाजांनी ते कलकत्त्याकडे निघाले. अमेरिकेतून हिंदुस्थानात मिशनरी पाठवण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता. यशाचे उदाहरण मागे नव्हते आणि सरकारचा आधार पुढे नव्हता. जवळ होती ती एकमेकांना दिलेली वचने.

ती वचनेसुद्धा सहा महिन्यांत विसकटली. जूनमध्ये अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले. कंपनीला मिशनरी आधीच नको होते, कारण १८०६ च्या वेल्लोर येथील शिपायांच्या उठावानंतर धर्मात ढवळाढवळ झाली तर राज्य धोक्यात येईल ही भीती कलकत्त्यात घर करून बसली होती. त्यात आता हे शत्रुराष्ट्राचे नागरिक. आल्या पावली त्यांना परत जाण्याचे हुकूम सुटले. मग मंडळीच दुभंगली. जडसन आणि राइस यांचे बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलले, ते बॅप्टिस्ट झाले आणि ज्या बोर्डाने पाठवले त्याच्याशी त्यांचा संबंध तुटला. नेवेल पत्नी हॅरिएटसह मॉरिशसकडे निघाले. वाटेत जहाजावर जन्मलेले मूल काही दिवसांत गेले आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही गेल्या. त्यांचे वय अवघे १९ होते. पाचांपैकी हॉल आणि नॉट एवढेच उरले. इंग्लंडला रवानगी होण्याआधीच त्यांनी मुंबईचे जहाज गाठले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईत उतरले. मागोमाग त्यांना परत पाठवण्याची कलकत्त्याची पत्रेही येऊन पोहोचली.

कलकत्त्यातल्या त्या महिन्यांत या अमेरिकनांना आसरा मिळाला तो श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनमध्ये, आणि त्या घराची तेव्हाची अवस्था पाहण्यासारखी होती. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी तिथल्या छापखान्याला आग लागली होती. कागदाचा साठा, अनेक भाषांचे टाइप, विल्यम केरी यांनी वर्षानुवर्षे खपून केलेली हस्तलिखिते असे सुमारे दहा हजार पौंडांचे धन एका रात्रीत राख झाले. राख उपसताना टाइप पाडण्याचे पोलादी ठसे मात्र शाबूत सापडले. वितळलेल्या धातूचेच पुन्हा ओतकाम सुरू झाले. केरींनी तेव्हा लिहिले त्याचा आशय असा, की एकदा चाललेला रस्ता दुसऱ्यांदा चालायला सोपा जातो. इंग्लंडमधल्या मंडळ्यांनी नुकसानीएवढी रक्कम सुमारे दोन महिन्यांत उभी केली. हे ते केरी, ज्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीत मराठी शब्दकोश छापला आणि ज्यांना मराठीच्या कामात वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. हॉल आणि नॉट ऑगस्टमध्ये आले तेव्हा आगीला पाच महिने झाले होते. नवे टाइप पडत होते, कामगार कामावर होते. मुंबईला जाण्याआधी धीर कसा दिसतो हे त्यांनी पाहिले ते या छापखान्यात.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राची सुरुवात या जागी आठवते. तिथे पौल आपले शौर्य सांगत नाही. आशियात आपल्यावर असे ओझे पडले की जगण्याचीही आशा सुटली होती, हे तो उघड कबूल करतो, आणि मिळालेले सांत्वन हे तशाच संकटात असलेल्या दुसऱ्याला देता यावे म्हणून मिळते असे म्हणतो. या भागात जो ग्रीक शब्द पुन्हा पुन्हा येतो, पाराक्लेसिस, त्याचा मूळ अर्थ जवळ बोलावणे, पाठीशी उभे राहणे असा आहे. म्हणजे मुळातच ही हातातून हातात जाणारी गोष्ट आहे. एलीयाच्या कथेतही तेच दिसते. भ्यालेला, मरण मागणारा संदेष्टा झुडपाखाली झोपतो तेव्हा त्याला उपदेश मिळत नाही. आधी भाकर आणि पाणी मिळते, झोप मिळते, मग पुढचे काम मिळते, आणि त्यानंतर अलीशासारखा सोबती. भीती वाटणे हा इथे अपराध धरलेला नाही. भ्यालेल्या माणसाला पुढच्या मुक्कामापर्यंत चालवणे एवढेच मागितलेले आहे.

हॉल आणि नॉट भ्याले होते याचा पुरावा त्यांच्या कृतीतच आहे. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन वृत्तीने धार्मिक होते, बायबल सोसायटीचे हितचिंतक होते, पण कलकत्त्याचा हुकूम त्यांना मोडवत नव्हता. हद्दपारीची वेळ जवळ आली तेव्हा दोघे गुपचूप एका किनारी गलबताने कोचीनकडे निघाले. तिथून सिलोन गाठायचा बेत होता. नॉट यांची पत्नी रॉक्साना आणि तान्हे मूल मुंबईतच मागे राहिले. कोचीनला त्यांना अडवून परत आणण्यात आले, आणि ज्यांनी त्यांना सवलत दिली होती त्या नेपियन यांना हा विश्वासघात वाटला. वाटणे साहजिकही होते. जुनी चरित्रे या प्रसंगावर पांघरूण घालतात किंवा त्याला ईश्वरी आज्ञेचे पालन म्हणतात. मला तो घाबरलेल्या माणसांचा निर्णय वाटतो. महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे पाऊल. पळून जाण्याचा मार्ग बंद झाल्यावर हॉल यांनी गव्हर्नरांना जे निवेदन केले, त्यात प्रतिकाराची धमकी नाही आणि दयेची याचनाही नाही. आम्ही आमच्याकडून करायचे ते केले, आता निर्णय तुमच्या सदसद्विवेकबुद्धीवर आहे, आणि तुम्ही-आम्ही सारेच एक दिवस एकाच न्यायासनापुढे उभे राहणार आहोत, असा त्याचा रोख होता. परिणामाची जबाबदारी आपली नव्हे, आपली जबाबदारी कर्तव्यापुरती, असा हिशेब मनाशी बसला की भीतीचा दाब कमी होतो. त्यांच्या श्रद्धेने त्यांना यशाची हमी दिली नाही. यश कोणाच्या खात्यात मांडायचे, हे तिने ठरवून दिले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हद्दपारी टळली ती प्रार्थनेने की राजकारणाने? लंडनमध्ये त्याच वर्षी कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण चालू होते. ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातून अर्जांचा पाऊस पाडून मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी करून घेतली. जुलै १८१३ मध्ये कायदा मंजूर झाला. कंपनीच्या संचालक मंडळात चार्ल्स ग्रँट यांच्यासारखे अनुकूल लोक होते. युद्ध आणि सनद यांचे वेळापत्रक थोडे मागेपुढे झाले असते, तर हॉल आणि नॉट इंग्लंडच्या जहाजावर चढले असते आणि त्यांचे नाव आज कोणी घेतले नसते. हे सारे खरे आहे. पण आक्षेप सिद्ध करतो ते इतकेच, की धीरामुळे यश मिळते हा दावा खोटा आहे. तो दावा मी करतही नाही. जे दहा महिने परवानगी येईल की नाही हे मुंबईत कोणालाच सांगता येत नव्हते, ते महिने या दोघांनी कसे काढले, हा इथला प्रश्न आहे. दार पलीकडून उघडले गेले हे कबूल, पण ते उघडले तेव्हा दाराशी कोणी तरी उभे असणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचे कारण वेगळे शोधावे लागते.

परवानगी मिळाल्यानंतरची वर्षे खरे तर अधिक कठीण होती. संकटात माणूस ताठ उभा राहतो, पण रोजच्या निष्फळतेत तो वाकतो. नेवेल १८१४ मध्ये मुंबईस येऊन मिळाले. १८१५ मध्ये प्रकृती खालावल्याने नॉट मायदेशी परतले. हॉल मराठी शिकून रस्त्यांवर, बाजारांत, देवळांच्या आसपास बोलत राहिले. लोक जमत, वाद घालत, हसत आणि निघून जात. १८१९ मध्ये हैदराबादकडचे कादिर यार खान यांनी बाप्तिस्मा घेतला, तोपर्यंत मुंबईत सहा वर्षे उलटली होती. या काळात त्यांना टिकवून धरले ते एखाद्या मोठ्या आशेने नव्हे, रोजच्या बारीक कामाने. १८१५ पासून शाळा सुरू झाल्या. त्यांत शिकवायला बहुधा हिंदू पंतोजीच असत. १८१६ मध्ये होरेशियो बार्डवेल आले आणि छापखाना सुरू झाला. पुढच्या वर्षी मराठीत छापील मजकूर बाहेर पडू लागला. १८२४ मध्ये मुलींची शाळा निघाली. याच काळात, १८१८ मध्ये, हॉल आणि नेवेल यांनी जगातल्या साठ कोटी लोकांच्या दाव्याविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. किती माणसे, किती मिशनरी, किती खर्च, असा तिचा थाट जमाखर्चाचा आहे. स्वतःच्या हाती पाच वर्षांत काही न लागलेल्या माणसांनी असे गणित मांडणे वरवर हास्यास्पद वाटते. पण नीट पाहिले तर तीही धीराचीच युक्ती होती. आपले अपयश एवढ्या मोठ्या कामात ठेवायचे की ते शेवट न ठरता एक टप्पा ठरावे.

दुसरा आक्षेप इथल्या वाचकाच्या मनात केव्हाच आला असेल. ज्यांनी बोलावले नाही त्यांच्या दारात इतकी वर्षे उभे राहणे ही चिकाटी की हट्ट? हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हिंदू धर्माविषयीचे लेखन कठोर आहे, पुष्कळदा अन्यायकारकही आहे. मूर्तिपूजेपलीकडची भक्ती, वारकऱ्यांची परंपरा, ज्ञानेश्वर-तुकारामांचे तत्त्वचिंतन यांची दाद त्यांना लागली नाही. ती लागायला पुढे नारायण वामन टिळकांसारखा, त्या परंपरेतच वाढलेला ख्रिस्ती कवी यावा लागला. तेव्हा धीर हा स्वतःच्या बळावर सद्गुण ठरत नाही हे मान्य केले पाहिजे. चुकीच्या समजुतीलाही माणूस धीराने चिकटून राहू शकतो. पण त्यावरून धीराचा अभ्यास निरर्थक ठरत नाही. टिकून राहिल्यामुळेच या लोकांना इथली भाषा शिकावी लागली, पंतोजींबरोबर काम करावे लागले, ऐकून घ्यावे लागले. वर्षभरात परतलेला मिशनरी आपल्या समजुती घेऊन गेला असता, त्या तपासून पाहण्याची वेळ त्याच्यावर आली नसती. चिकाटीने त्यांना बरोबर ठरवले नाही, मात्र सुधारण्याची शक्यता तिने उघडी ठेवली.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे, कारण तो त्याच घरातून येतो. या धीराची किंमत कोणी दिली? हॅरिएट नेवेल यांच्या मृत्यूनंतर त्यांची रोजनिशी आणि पत्रे छापून निघाली, अमेरिकेत ती घरोघरी वाचली गेली आणि १९ वर्षांची एक मुलगी प्रेरणेचे प्रतीक झाली. पण प्रतीक करणे ही दुःखापासून सुटका करून घेण्याचीही एक रीत असते. रॉक्साना नॉट कोचीनच्या बेतात मागे राहिल्या, त्यांना काय वाटले याला चरित्रांत फारशी जागा नाही. हॉल यांच्या पत्नी मार्गारेट १८२५ मध्ये मुलांच्या प्रकृतीसाठी दोन मुलगे घेऊन अमेरिकेस निघाल्या आणि थोरला मुलगा समुद्रातच गेला. नवरा मागे मुंबईत राहिला आणि पुन्हा भेट झाली नाही. या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही आणि ते आहे असा आव आणू नये. एवढे मात्र म्हणता येते, की खरे उत्तेजन माणसाला परत फिरण्याचीही मुभा देते. सॅम्युएल नॉट दोन-अडीच वर्षांत परतले. चरित्रकारांच्या धैर्याच्या मापाने ते अयशस्वी ठरतात. पण त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये पाळकाचे काम दीर्घकाळ केले आणि सेलममध्ये एकत्र दीक्षा घेतलेल्या त्या पाचांत ते सर्वांत शेवटपर्यंत, १८६९ पर्यंत, जगले. एलीयाला अरण्यातून मागे जाण्याचीच आज्ञा झाली होती. परत फिरणाऱ्याला जी परंपरा भेकड ठरवते, ती धीर देत नाही, फक्त ओझे देते.

हॉल यांचा शेवट या साऱ्या युक्तिवादाची परीक्षा आहे. मार्च १८२६ मध्ये ते नाशिककडे गेले होते. तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटली. परतीच्या वाटेवर एका गावी देवळाच्या ओसरीवर रात्र काढली, पहाटे त्यांनाच पटकीने गाठले, आणि काही तासांत, २० मार्च रोजी, ४१ व्या वर्षी ते वारले. जवळ कोणी गोरा माणूस नव्हता. सोबतच्या मुलांनी कांबळ्यात गुंडाळून त्यांना पुरले. ज्या मूर्तिपूजेविरुद्ध ते तेरा वर्षे बोलले, त्याच धर्माच्या देवळाने शेवटच्या रात्री त्यांना छप्पर दिले, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे, पण त्यातला अर्थ त्यांना दिसला नाही. धीर कोणाच्या हातून मिळेल हे आपण ठरवत नाही. त्या ओसरीने हॉल यांच्या मताला होकार दिला नव्हता, थकलेल्या वाटसरूला जागा दिली होती. पौलाच्या पत्रातला तो शब्द, पाठीशी उभे राहणे, त्याच्या अर्थात याहून निराळे काय असते?

त्यांच्या मागे मुंबईत फारसे कोणी उरले नव्हते. नेवेल १८२१ मध्ये पटकीनेच गेले होते, जॉन निकल्स १८२४ मध्ये, एडमंड फ्रॉस्ट १८२५ मध्ये. उरले ते ॲलन ग्रेव्हज आणि छापखाना सांभाळणारे जेम्स गॅरेट. ज्या वर्षी हॉल गेले त्याच वर्षी या मिशनचा मराठी ‘नवा करार’ छापून पूर्ण झाला. १८२७ मध्ये सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका मुलींच्या शाळांसाठी आली, १८३१ मध्ये अहमदनगरचे ठाणे सुरू झाले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. मिशनचा तोच छापखाना पाहून गणपत कृष्णाजींनी आपला शिळाप्रेस उभारला आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. तिथेच पोरवयात कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे ‘निर्णयसागर’चे मालक झाले आणि त्यांच्या टाइपातून संस्कृत काव्यनाटके आणि पोथ्या देशभर गेल्या. हॉल यांना हे कळते तर ते हसले असते की खिन्न झाले असते, सांगता येत नाही. अपयशांची परतफेड अशी झाली, असेही मी म्हणणार नाही. मूर्तिपूजा मोडायला आलेल्यांचा छापखाना पोथ्या छापणाऱ्यांची शाळा ठरावा, ही परतफेड नसून विनोद आहे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याला फळाच्या खात्रीनेच धीर धरता येतो, त्याचा धीर फळ चुकले की सुटतो. श्रीरामपूरच्या राखेत जे ठसे शाबूत सापडले, त्यांवरून पुढे काय छापले जाईल हे ते वेचणाऱ्या माणसांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते वेचले, पुसले आणि ओतकामाला दिले.